सूडाचा विडा उचललेला पॅलाडिन कसा घडवावा

नव्या कॅम्पेनच्या, म्हणजे महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीच्या, पहिल्या शनिवारी एक जण तरी हमखास येऊन सांगतो, "ताई, माझं कॅरेक्टर तयार आहे. गाव जाळलं, घरचे सगळे मेले, आता सूड." मी विचारते, कुणावर? "राक्षसांवर." कुठल्या राक्षसांवर? मग तो खिडकीबाहेर बघायला लागतो.

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या मागच्या खोलीत डी अँड डीचा, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळाचा, डाव बसतो. कधी मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, असते, कधी खेळाडू. सूडाच्या आगीत होरपळलेले इतके पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेले योद्धे, या खोलीतून येऊन गेलेत की आता आई आतून हाक मारते, "झाला का गं तुमचा सूड? पोहे निवतायत." त्यातले बरेचसे तिसऱ्या-चौथ्या सेशनला कंटाळवाणे झाले, आणि कारण जवळपास नेहमी तेच होतं. या लेखाचा बराचसा भाग त्या एका कारणावरच जाणार आहे.

मी 'ओथ ऑफ व्हेन्जन्स' (सूडाची शपथ) घेणाऱ्या पॅलाडिनबद्दल बोलते आहे. पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम धरले आहेत. २०२४च्या नियमांत बरंच बदललं, त्यातले लढाईतले मोठे फरक पुढे सांगेन. फासे, शीट आणि खोडरबर तुमच्याकडे आहेत असं समजते.

आकड्यांचं काम पाच मिनिटांचं आहे. सहा क्षमता २७ गुणांत विकत घ्यायच्या पद्धतीने स्ट्रेंग्थ १५, करिश्मा १५, कॉन्स्टिट्यूशन १४, विजडम १०, उरलेल्या दोन्ही ८. पुस्तकातल्या किमतींची बेरीज करून बघा, बरोबर २७ लागतात. वंश कुठलाही घ्या. ड्रॅगनबॉर्नला स्ट्रेंग्थमध्ये २ आणि करिश्मामध्ये १ आयता मिळतो, म्हणून नवशिक्यांना मी तोच सुचवते. चेनमेल (कड्यांचं चिलखत) घाला, ग्रेटसोर्ड उचला. चेनमेलमध्ये स्टेल्थला, म्हणजे लपूनछपून जाण्याला, डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), तेव्हा 'रात्री गुपचूप जाऊन गळा कापतो' ही स्वप्नं 'रोग'साठी, म्हणजे चोरपावलांच्या गड्यासाठी, सोडा.

"सूडवाल्याला करिश्मा कशाला हवा, तो थोडाच गोड बोलणार आहे" असा सल्ला तुम्हाला मिळेल. देणाऱ्याने पॅलाडिन सहाव्या लेव्हलपर्यंत खेळलेला नसतो. सहाव्या लेव्हलला 'ऑरा ऑफ प्रोटेक्शन' येतो. तुमच्या आणि तुमच्यापासून १० फुटांच्या आत असलेल्या साथीदारांच्या प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात) तुमच्या करिश्माचा मॉडिफायर, म्हणजे त्या क्षमतेतून येणारा जादा आकडा, मिळवला जातो. म्हणजे गंमत बघा, जो खेळाडू 'मी एकटा, मला कुणाची गरज नाही' म्हणत कोपऱ्यात उभा राहतो, त्याच्या हातातली सर्वांत दणकट गोष्ट चार माणसं जवळ असली तरच खरी कामाला येते. हे आत्ताच डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता शपथ. इथेच गाडी रुतते. माझी रुतली होती.

माझा पहिला सूडवीर मी मोठ्या हौसेने बनवला होता. आईबाप गेले, धाकटी बहीण गेली, गाव बेचिराख. दोन पानं भरून इतिहास. बोलणं जवळजवळ नाही, फक्त रोखून बघणं. पाचव्या सेशनला पार्टीने शत्रूचा एक कारकून जिवंत पकडला. मी शीटवर बघितलं, तिथे लिहिलं होतं 'दुष्टांना दया नाही'. मी त्याचं मुंडकं उडवलं. टेबलावर शांतता. त्या कारकुनाच्या तोंडून पुढची सगळी गोष्ट बाहेर यायची होती, डीएमने दोन आठवडे त्यावर काम केलं होतं. त्याने वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, "चला, सराफ्यात जाऊ." त्या रात्री भुट्ट्याचा कीस खाताना माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. "पण माझं कॅरेक्टर असंच वागेल ना!" असं मी तीनदा म्हणाले. आता माझ्या डावात कुणी हे वाक्य उच्चारलं की मी विचारते, हे कॅरेक्टर बनवलं कुणी?

शपथेतली ओळही मी अर्धीच वाचली होती. दया नाही ती ज्याच्याविरुद्ध शपथ घेतली त्याला. साध्यासुध्या शत्रूला दया दाखवता येते, असं नियमांत स्पष्ट आहे. तो कारकून साधासुधाच होता बिचारा.

पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. मी दुःख लिहिलं होतं, शपथ लिहिलीच नव्हती. बेचिराख गाव हे दुःख झालं. त्यातून टेबलावर काहीच करता येत नाही, कारण जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शपथ पुढे बघते. तिच्यात एक माणूस लागतो, नाव-गाव असलेला, जिवंत, आज तुमच्या हाती न लागणारा पण पत्ता काढता येईल असा. आणि तिच्यात थांबायची जागा लागते: काय झालं म्हणजे शपथ पुरी झाली. 'त्याला मारेन' ही थांबायची जागा सर्वांत आळशी. डीएमने तो माणूस चौथ्या सेशनला समोर आणला, तुमच्या ग्रेटसोर्डने काम केलं, की मग पुढचे सहा महिने तुम्ही काय करणार? माझ्या दुसऱ्या सूडवीराचं नेमकं हेच झालं. उरलेलं कॅम्पेन तो घोड्यांना दाणा घालत होता.

इंदूरच्या पोरांना हे समजवायला मला लांब जावं लागत नाही. १७५४ साली भरतपूरजवळच्या कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर पडले. मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा. बापाने तिथे आण घेतली असं सांगतात, की तिथल्या राजाचं, सूरजमल जाटाचं, शिर उतरवीन आणि कुंभेरीची माती यमुनेत टाकीन. बघा, नाव आहे, जागा आहे, काय करायचं तेही आहे, नुसतं मारणं नाही. पॅलाडिनची शपथ याहून चांगली कुणी लिहून दाखवावी! आणि पुढे काय झालं? त्याच वर्षी तह झाला, वेढा उठला. शिर जागेवर, किल्ला जागेवर. खंडेरावांची छत्री तिथे सूरजमलानेच बांधवली असंही सांगतात. ज्याच्या नरडीला नख लावायची आण घेतली, तोच तुमच्या मुलाच्या चितेच्या जागी दगड रचतो आहे. आता तुमचा पॅलाडिन काय करेल, बोला. माझ्या डावात या प्रश्नावर एकदा दीड तास गेला होता, एकही फासा न पडता.

तर पेन्सिल घ्या आणि शपथ एका दमात म्हणता येईल अशी लिहा. कुणी, काय केलं, आणि तुम्ही कुठे थांबणार. आमच्या इथल्या एका मुलीने लिहिलेली शपथ मी सगळ्यांना दाखवते, कारण ती चार वेळा खोडून झाली आहे आणि कागदावर मधोमध लसणी शेवेच्या तेलाचा डाग आहे: 'घाटप्रमुख सुर्वंत याने पैशासाठी भरलेली नाव बुडवली, त्यात माझा भाऊ होता. त्या चौदा जणांची नावं तो भरल्या घाटावर स्वतःच्या तोंडाने घेईपर्यंत मी त्याचा पाठलाग सोडणार नाही.' पहिल्या खेपेला तिथे 'नावाड्यांच्या टोळीला संपवेन' एवढंच होतं. मी म्हटलं, टोळीला तोंड नसतं, माणसाला असतं.

याच्या जोडीला दोन गोष्टी कराच. एक, शपथ डीएमला आणि सोबत्यांना सांगा. "सरप्राइज आहे" म्हणून लपवून ठेवलेला भूतकाळ कुणालाही कधीच कळत नाही, कारण त्याकडे जाणारी वाट डीएमला बांधताच येत नाही. दोन, एक जागा मुद्दाम रिकामी सोडा. नाव बुडवायला पैसे कुणी दिले? तिने ते लिहिलं नाही. तो खड्डा डीएमने भरायचा.

शपथ कधी घ्यायची हेही लोक चुकवतात. नियमाप्रमाणे ती तिसऱ्या लेव्हलला येते. मग पहिल्याच सेशनला दात-ओठ खात का येता? पहिल्या दोन लेव्हलला जखम असू द्या, शंका असू द्या, देवळात दिवा लावणारा साधा शिपाई असू द्या. शपथ टेबलावर घ्या, साथीदारांच्या देखत, आणि ती मोठ्याने म्हणा. साक्षीदार झालेली पार्टी पुढे तुमच्यासोबत धावते. घरून लिहून आणलेल्या सूडासाठी कुणी पाऊल उचलत नाही.

शपथेची चार कलमं आहेत: मोठ्या पापाशी आधी लढा, दुष्टाला दया नको, मार्ग कुठलाही चालेल, आणि भरपाई. चौथं कलम लोक वाचतच नाहीत, आणि माझ्या मते ते नसेल तर हा पॅलाडिन म्हणजे चिलखत घातलेला सुपारीबाज. तुमच्या शत्रूच्या पापात जे पोळले, त्यांचं देणं तुमच्यावर आहे, कारण तुम्ही त्याला थांबवू शकला नाहीत. कुंभेरीलाच बघा ना. सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. सूड राहिला, सून राहिली, आणि पुढे तिने राज्य केलं. तुमच्या शीटवरही अशा एखाद्या जिवंत माणसाचं नाव हवं. 'ले ऑन हॅन्ड्स'ची, म्हणजे हात ठेवून बरं करण्याची, शक्ती लेव्हलच्या पाचपट असते, तिसऱ्या लेव्हलला १५. त्यातले निदान ५ दर सेशनला लढाईबाहेरच्या कुणावर तरी खर्च करा: जखमी हमाल, तापलेलं पोर, कुणीही. टेबलाचा तुमच्याकडे बघण्याचा डोळाच बदलतो.

तिसऱ्या कलमाबद्दल एवढंच, की 'कुठलाही मार्ग' या दोन शब्दांनी अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरला. आपल्याकडे नर्मदेच्या परिक्रमावासीयांकडून ऐकू येतं, तो अजून कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. तुमचा पॅलाडिन कुठल्या दारातून आत जाणार नाही, ते एक दार आधीच ठरवून ठेवा आणि मोडू नका.

लढाईचं आता भराभर. तिसऱ्या लेव्हलला 'व्हाव ऑफ एन्मिटी' मिळतं: १० फुटांच्या आतल्या एका शत्रूवर आण टाकायची, की १ मिनिट, म्हणजे १० फेऱ्या, त्याच्यावरच्या तुमच्या प्रत्येक हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज. दोन फाशांतला मोठा आकडा धरल्याने क्रिटिकलची, म्हणजे २० पडण्याची, शक्यता ५ टक्क्यांवरून पावणेदहावर जाते. 'डिव्हाइन स्माइट', म्हणजे एक स्लॉट (मंत्रसाठ्यातला एक वाटा) खर्चून दिलेला जादा मार, मारायचं की नाही हे घाव लागल्यावर ठरवता येतं, आणि क्रिटिकलला स्माइटचे फासेही दुप्पट होतात: पहिल्या लेव्हलच्या स्लॉटचे दोन आठ-बाजूंचे फासे चार होतात, सरासरी ९ची १८. म्हणून हात आखडून ठेवा. तिसऱ्या लेव्हलला स्लॉट तीनच असतात आणि नवशिके ते पहिल्या उंदरावर उडवतात. 'हंटर्स मार्क' हा मंत्र आणि 'व्हाव' दोन्ही फेरीतली एकच जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खातात, एकाच फेरीत दोन्ही होत नाहीत. मोठ्या शत्रूसमोर आधी व्हाव. २०२४च्या नियमांत व्हाव हल्ल्याच्या अ‍ॅक्शनसोबतच टाकता येतं आणि पल्ला ३० फूट आहे, पण स्माइट आता मंत्र झाला आहे आणि त्यालाच बोनस अ‍ॅक्शन लागते. डाव कुठल्या पुस्तकावर चालतो हे आधी विचारा, मध्येच भांडू नका.

२०१४च्या नियमांत व्हाव विश्रांतीमागे एकदाच, कारण ते ज्या शक्तीतून येतं ते 'चॅनल डिव्हिनिटी' एकदाच मिळतं. दारवानावर घालवू नका.

आणि शत्रूची भेट. ती मीच डीएम म्हणून बांधली होती, म्हणून सांगते. पानिपतानंतर, १७६१ला, हरून परतणाऱ्या मराठ्यांना आसरा दिला तो याच सूरजमलाने. कुंभेरीला सात वर्षं झाली होती. मी ते उचललं. आमच्या कॅम्पेनमध्ये पूर आला, पार्टी चिखलात लडबडलेली, अर्धमेली, आणि उघडं एकच गोदाम होतं. दारात कंदील घेऊन सुर्वंत उभा. आत शंभरेक माणसं, चुली पेटलेल्या. त्या नावेच्या शपथवाल्या मुलीने व्हाव टाकण्यासाठी हात वर केला, १० फुटांत तो होताच. मग फासा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी त्याला विचारते, नावं आठवतात का."

मी सुर्वंताच्या आवाजात एकेक नाव घेऊ लागले. ती बोटांवर मोजत होती. भावाचं नाव सहावं आलं. अकरावर मी थांबले.

"उरलेली तीन?" तिने विचारलं.

"ती मला कुणी सांगितलीच नाहीत," तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला.