घसा बरा, सांधे बरे, मग झडप कशी बिघडली? या चुका टाळा

दहा वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा मोकळा होतो, पण घोटा धरतो. मग मनगट. पुढे सगळं आपोआप ओसरतं आणि घरचे म्हणतात, ‘सुटलो एकदाचे.’ ऱ्हुमॅटिक फिव्हरमध्ये, म्हणजे संधिवाताच्या तापात, फसगत होते ती नेमकी इथे. हा आजार सांधे नुसते चाटतो, चावा घेतो तो हृदयाला, असं फ्रेंच डॉक्टर लासेग यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवलंय.

सुरुवात घशात होते. स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. तोवर घसा दुखला होता हे कुणाच्या लक्षातही नसतं. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना धोका जास्त.

घसा मोकळा झाला की गोळ्या बंद

सर्दी-खोकला नाही, पण एकदम ताप, गिळताना कळ, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. असा घसा डॉक्टरांना दाखवा. हळद-मिठाच्या गुळण्या खुशाल करा, पण त्यांनी हा जंतू मरत नाही. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन दिलं तर पूर्ण १० दिवस. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि उरलेली पट्टी फ्रिजवर पडून राहते! औषध सुरू व्हायला दोन-चार दिवस उशीर झाला तरी हरकत नाही, नवव्या दिवसापर्यंत सुरू झालं तरी हा ताप टळतो.

‘वाढीचं दुखणं आहे’

वाढीचं दुखणं रात्री, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत असतं आणि सकाळी मूल पळत सुटतं. सांधा सुजलाय, गरम लागतोय, हात लावू देत नाही, हे वाढीचं दुखणं नव्हे. तपासणीआधी दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. या सांध्यांना त्या इतक्या लवकर लागू पडतात की एका सांध्यातून दुसऱ्यात जाणारी सूज डॉक्टरांना दिसतच नाही.

रक्तात एएसओ वाढला की पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू

ही चूक आपल्याकडे फार होते, आणि ती फक्त पालकांची नाही. एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा, एवढंच सांगतो की हा जंतू नुकताच येऊन गेला. शाळकरी मुलांत तो असाही वाढलेला सापडतो. निदान होतं ते सांधे, हृदय आणि इतर लक्षणं एकत्र पाहून. हृदयाचा इको (सोनोग्राफी) हवाच, छातीत आवाज ऐकू आला नाही तरी. नुसत्या आकड्यावर वर्षानुवर्षं टोचून घेणारी मुलं आहेत. चाळिशीतल्या गुडघेदुखीला एएसओ करायला सांगणारेही आहेत. कशासाठी, देव जाणे.

उलटंही घडतं. मूल हातातलं भांडं पाडतं, अक्षर बिघडतं, तोंड वेडंवाकडं करतं आणि शाळेत ओरडा खातं. हा कोरिया, म्हणजे याच आजारात आपोआप होणाऱ्या अंगाच्या हालचाली. तो घशानंतर काही महिन्यांनी येतो, तेव्हा एएसओ नॉर्मलही असू शकतो.

‘आता बरंय, मग टोचायचं कशाला?’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निदान पक्कं झालं की बेंझाथीन पेनिसिलिन (बोलीत ‘पेनिड्युअर’) दर २१ दिवसांनी घ्यायचं असतं. ते आजच्या दुखण्यासाठी नसतंच. पुढचा घसा येऊ नये म्हणून असतं, कारण प्रत्येक नवा झटका झडपेवर आणखी व्रण ठेवून जातो. हृदय वाचलं असेल तरी किमान ५ वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, जे नंतर येईल तिथवर. झडप कायमची बिघडली असेल तर १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी त्याहून पुढेही. इंजेक्शन दुखतं, खोटं कशाला बोला. ॲलर्जीच्या भीतीने काही दवाखाने ते टोचतही नाहीत. अशा वेळी बंद करू नका, सोय असलेलं रुग्णालय गाठा किंवा रोजच्या गोळ्यांचं विचारा. कॅलेंडरवर पुढची तारीख आजच लिहा. सुट्टीत गावी जाणार असाल तर कागद सोबत न्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूची) वर्षानुवर्षं गप्प राहते आणि गरोदरपणात, रक्ताचं प्रमाण वाढल्यावर, धाप लागून उघडी पडते. लहानपणी सांधे सुजले होते किंवा इंजेक्शनं चालू होती, हे नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगा. सासरी कळेल म्हणून लपवू नका.