दोन प्रोसेसरच्या कॉम्प्युटरला उणे १५ अंशांच्या मिश्रणानं कसं गार ठेवायचं

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेर ४२ अंश असताना वेग वाढवण्यासाठी प्रोसेसरला उणे १५ अंशांच्या मिश्रणानं गार करायचं म्हणजे खुळ्यासारखं वाटेल. पण थंडी तयार करणं हे यातलं सोपं काम. जुना विंडो एसी ते बिनबोभाट करतो: त्याची कॉइल टाकीतलं मिश्रण गार करते, आणि पंप ते मिश्रण प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून फिरवतो. अवघड गोष्टी दोनच: थंड झालेल्या धातूपर्यंत खोलीतली हवा पोचू द्यायची नाही, आणि लाइट गेली तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायचं. वेळ आणि पैसा तिथं घाला.

त्याआधी स्वतःचा प्रोसेसर तपासा. दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर बसणाऱ्या, बोर्डांवर चालणारे बहुतेक झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) लॉक असतात, त्यांना कितीही थंड केलं तरी वेग वाढत नाही. असा प्रोसेसर असेल तर चांगला हवेवरचा कूलर घ्या आणि हा लेख इथंच सोडा. एलजीए १३६६ सॉकेटच्या ५६०० मालिकेतले झिऑन मात्र बेस क्लॉक (ज्याच्या पटीत प्रोसेसरचा वेग ठरतो) १३३ मेगाहर्ट्झच्या वर चढवून पळवता येतात. ईव्हीजीए कंपनीचा २०१० सालचा एसआर-२ हा बोर्ड त्यासाठीच निघाला होता. पुढचा हिशेब अशा जोडीचा आहे. एक्स५६५० ची मूळ उष्णता ९५ वॅट, एक्स५६८० ची १३० वॅट. व्होल्टेज चढवल्यावर प्रत्येकी २०० वॅट धरा. दोघांचे ४००, पंप ४०, टाकी-पाइपांतून झिरपणारे ६०, म्हणजे एकूण ५०० वॅट सतत ओढून काढायचे आहेत.

एसी कोणता आणि तो कसा उघडायचा

एक टनाचा, चालू स्थितीतला, जुना विंडो एसी घ्या. इन्व्हर्टर एसी नको. त्याचा बोर्ड विचित्र तापमान बघून एरर दाखवतो आणि बंद पडतो. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, पण तो आकडा खोली थंड करण्याचा. कूलिंग कॉइल उणे २०-२५ वर आणि कंडेन्सर ४० च्या हवेत असेल तर त्यातला थोडाच भाग हाती लागतो. आपल्याला अर्धा किलोवॅट हवा आहे, तेवढा मिळतो.

पत्रा काढा, पुढचा ब्लोअर काढा, पण त्याच मोटरवरचा मागचा कंडेन्सरचा पंखा राहू द्या. कूलिंग कॉइलला दोन तांब्याच्या नळ्या जातात: एक जाड, एक केसासारखी बारीक कॅपिलरी. कॉइल दोन्ही हातांनी धरून मोठ्या गोलाईत हळूहळू पुढे आणि खाली वळवायची. नळी चिमटली की गॅसचा रस्ता बंद, आणि चीर पडली की सगळा गॅस बाहेर. हात बसलेला नसेल तर एसी मेकॅनिकला बोलवा. हे त्याचं दहा मिनिटांचं काम आहे. नळी कापून जोडायच्या भानगडीत स्वतः पडू नका. आर-३२ किंवा आर-२९० गॅसच्या एसीजवळ तर टॉर्च पेटवूच नका, हे गॅस पेट घेतात.

एसीचा थर्मोस्टॅट काढून एसटीसी-१००० सारखा तापमान कंट्रोलर लावा. तो उणे ५० पर्यंत मोजतो. कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यात उशीर ठेवता येतो, तो ५ मिनिटं करा. बंद होण्याच्या आणि पुन्हा सुरू होण्याच्या तापमानातला फरक २ अंश ठेवा. त्याचा रिले १० अँपिअरचा आहे आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून मध्ये काँटॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा स्विच, घाला. नाहीतर रिलेचे काँटॅक्ट चिकटतात आणि कॉम्प्रेसर बंदच होत नाही. टाकी गोठत जाते आणि तुम्हाला कळतं ते पंप थांबल्यावर.

टाकी आणि मिश्रण

जाड भिंतीचा आइसबॉक्स घ्या, कॉइल पूर्ण बुडेल एवढा. त्यात २५ लिटर मिश्रण: १० लिटर इथिलीन ग्लायकॉल आणि १५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीच्या दुकानात मिळतं. बोअरचं पाणी चुकूनही नको; आपल्याकडच्या बोअरचा क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो. ४० टक्के मिश्रण साधारण उणे २४ ला गोठायला लागतं. टाकी उणे १५ वर असली तरी कॉइलचा पृष्ठभाग त्याहून गार असतो, म्हणून नऊ-दहा अंशांची मोकळीक हवीच. पाणी जास्त झालं तर कॉइलभोवती बर्फाचं कवच चढतं आणि थंडी टाकीत उतरत नाही. ग्लायकॉल जास्त झालं तर मिश्रण काकवीसारखं घट्ट होऊन पंप दमतो.

ग्लायकॉल म्हणून गाडीचा कूलंटच घ्या. त्यात गंजरोधक असतो, आणि इथं कॉइलला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या व ब्लॉक तांब्याचा असल्यामुळे तो लागतोच. फक्त डब्यावर कॉन्सन्ट्रेट लिहिलंय का बघा. तयार मिक्स असेल तर हिशेब चुकतो. चवीला हे गोड असतं आणि विषारी असतं. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यापासून झाकून ठेवा.

पंप टाकीबाहेर, मॅग्नेटिक ड्राइव्हचा, किमान ४-५ मीटर हेडचा, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवू शकणारा. डेझर्ट कूलरमधला १८ वॅटचा पंप घट्ट मिश्रणापुढे हात टेकतो. नळ्या ईपीडीएम रबराच्या. साधी पारदर्शक पीव्हीसी नळी या थंडीत काठीसारखी ताठ होते आणि ब्लॉकच्या तोंडावर ताण देते.

दोन ब्लॉक: एकामागे एक

बहुतेकांचा कल दोन फाटे काढून दोन्ही ब्लॉकना समान गार पाणी देण्याकडे असतो. गणित करून बघा. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर पहिल्या प्रोसेसरचे २०० वॅट मिश्रणाला जेमतेम ०.८ अंश तापवतात. दुसऱ्याला एवढाच तोटा. फाटे काढले तर सांधे वाढतात, आणि एका ब्लॉकमध्ये कचरा अडकला की सगळं पाणी दुसऱ्या वाटेनं निघून जातं. पंप चालतोय, नळी गार आहे, आणि एक प्रोसेसर तापतोय. एकामागे एक जोडलं तर अडथळा आल्याबरोबर दोन्हीकडे तापमान चढतं. एकाच रांगेत जोडा.

एलजीए १३६६ ची ब्लॉक बसवायची भोकं ८० मिमी चौकोनात असतात. एलजीए २०११ चा सर्व्हर बोर्ड असेल तर मोजूनच ब्लॉक मागवा: चौकोनी ८० बाय ८०, अरुंद ५६ बाय ९४. अरुंद साच्याची पट्टी मिळत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतलं सीएनसी वर्कशॉप ती कापून देऊ शकतं.

घाम अडवणे

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, मग दव कुठून येणार, असं वाटणं साहजिक आहे. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेलाही दवबिंदू १३ च्या आसपास असतो. उणे १५ चा धातू त्याच्या फार खाली आहे. ऑगस्टात २७ अंश आणि ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ वर जातो, म्हणजे खोलीपेक्षा तीन अंश गार असलेल्या पृष्ठभागालाही घाम येतो.

बोर्ड मोकळा करा. सॉकेट, रॅमचे स्लॉट आणि कनेक्टर टेपनं झाकून दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात मारा, २४ तास वाळू द्या. सॉकेटच्या पिनांवर काहीही लावू नका. सॉकेटभोवतीच्या कपॅसिटरांच्या फटीत व्हॅसलीन बोटानं दाबून भरा. थर सपाट व्हायला हवा, पोकळी राहता कामा नये. त्यावर बंद छिद्रांच्या नायट्राइल रबराचे, म्हणजे एसीच्या पाइपवर असतं त्या काळ्या फोमचे, तुकडे कापून बसवा आणि ब्लॉक त्यावर दाबून घट्ट करा.

खरी चूक होते ती मागच्या बाजूला. थंडी सॉकेटमधून बोर्डाच्या पाठीवर उतरते, आणि तिथलं पाणी कुणाला दिसत नाही. दोन्ही सॉकेटच्या मागे १० मिमी फोम, सॉकेटपेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठा, कडा चिकटवून. एवढ्या फोमनं व्होल्टेज रेग्युलेटरची हवा अडते, तेव्हा त्यांच्यावर वेगळा पंखा सोडा.

नळीवर १९ मिमीचा फोम मे महिन्यात पुरतो. पावसाळ्यात पुरत नाही: बाहेरचा पृष्ठभाग साधारण २२ अंशांवर राहतो आणि टपटप सुरू होते. दोन थर, म्हणजे ३८ मिमी केले तर तो दवबिंदूच्या जेमतेम वर राहतो. त्या दिवसांत खोलीचा एसी लावून आर्द्रता ५० टक्क्यांवर आणणं जास्त भरवशाचं.

पहिली चाचणी

बोर्डाला वीज न देता २४ तास मिश्रण फिरवा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा. मग टाकी गार करून पुन्हा तपासा. थंडीत रबर आकसतं आणि काल कोरडा असलेला क्लॅम्प आज गळतो. थंड असतानाच क्लॅम्प पुन्हा आवळा.

३५ अंशांचं मिश्रण थेट उपसायला लावलं तर कॉम्प्रेसरवर भार येऊन ओव्हरलोड ट्रिप होतो. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या, झाकण घट्ट असलेल्या पाण्याच्या बाटल्या आधी टाकीत सोडा, किंवा पहाटे सुरू करा. उणे १५ ला पोचायला सव्वा ते दीड तास लागतो. कंडेन्सर सावलीत ठेवा आणि त्याच्या मागे कूलरची गार हवा सोडा. कोरड्या हवेत याचा चांगला गुण येतो. कंडेन्सरवर पाणी मात्र मारू नका, क्षार चढतो.

कॉम्प्युटर टाकी शून्याजवळ असताना सुरू करा आणि मग खाली न्या. काही प्रोसेसर ठरावीक थंडीखाली सुरूच होत नाहीत. शून्याखाली प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरवर विश्वास ठेवू नका. ब्लॉकच्या बुडाशी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावा.

लाइट गेल्यावर

२५ लिटर मिश्रण हीच तुमची बॅटरी आहे. कॉम्प्रेसर थांबला तरी ५०० वॅटच्या भारावर टाकी तीन मिनिटाला एक अंश चढते, म्हणजे उणे १५ वरून शून्यावर यायला पाऊण तास. म्हणून कॉम्प्रेसर इन्व्हर्टरवर घेऊ नका. कॉम्प्युटर आणि पंप घ्या, दोन्ही एकाच साइन वेव्ह यूपीएसवर. पंप एकटा बंद पडला तर काही सेकंदांत प्रोसेसर तापतो, म्हणून पंप थांबला की कॉम्प्युटर बंद होईल असा फ्लो स्विच लावा. ओल्या जागेजवळ वीज आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला.

बंद करताना आधी कॉम्प्युटर, मग कॉम्प्रेसर, शेवटी पंप. फोम लगेच उघडू नका. थंड ब्लॉक उघडला की दोन मिनिटांत त्यावर दव दिसतं आणि ते ओघळून सॉकेटमध्ये उतरतं. रात्रभर तसंच राहू द्या. पहिल्या आठवड्यानंतर एक ब्लॉक काढून फोमची आतली बाजू आणि बोर्डाची पाठ बघा: फोम बोटाला कोरडा लागला पाहिजे. व्हॅसलीनच्या कडेला पांढुरके ओघळ किंवा पिनांजवळ हिरवट डाग दिसला, तर तिथून हवा आत येते आहे. तो भाग पुसून, वाळवून पुन्हा भरल्याशिवाय टाकी शून्याखाली नेऊ नका.