पहिली रिमफायर रायफल आणि तिला मानवणारे काडतूस

रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडाशी मध्यभागी नसते, तर बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. फायरिंग पिनने (ट्रिगर ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या खिळीने) ही कड चेपली की दारू पेटते. कड सहज चेपली जावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो आणि पातळ पत्रा फार दाब सोसू शकत नाही. त्यामुळे या रायफलींचा धक्का नगण्य असतो, आवाज बेताचा असतो आणि नवशिक्याला दचकण्याची सवय लागत नाही. मात्र वापरलेली पुंगळी व्यवहारात पुन्हा भरता येत नाही, म्हणजे कारखान्यातून जे काडतूस येते त्यावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणूनच रायफल आणि काडतूस यांची निवड जोडीने करावी आणि सगळे पैसे एकट्या रायफलीवर संपवू नयेत.

कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या मापाचा, प्रश्न लवकर सुटतो. १८८७ पासून वापरात असलेले .२२ लाँग रायफल हेच पहिल्या खरेदीसाठी योग्य होय. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धाही याच काडतुसावर होते. .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर या दुसऱ्या रिमफायर काडतुसांची गोळी अधिक वेगवान असते, पण ती महाग पडतात आणि सरावात खर्च काडतुसांचाच होतो. दोघांच्या नावात .२२ आहे म्हणून लाँग रायफल आणि मॅग्नम ही काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या खोबणीत) सैल बसते आणि त्याची पुंगळी फाटू शकते. बॅरलवर, म्हणजे नळीवर, कोरलेले नाव आणि खोक्यावरचे नाव तंतोतंत जुळलेच पाहिजे.

रायफल पाहताना आधी ती अंगाला बसते का हे पाहावे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, ती सुरक्षित दिशेला रोखून, डोळे मिटून खांद्याला लावावी, गाल स्टॉकवर (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर) टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता नेम साधण्याची खूण समोर दिसली, तर स्टॉक योग्य आहे. मान पुढे काढावी लागत असेल तर स्टॉक लांब आहे, नाक अंगठ्याला लागत असेल तर आखूड. वाढत्या वयाच्या मुलांसाठी लांबी कमी-जास्त करता येणारा स्टॉक घ्यावा. आपला कोणता डोळा प्रबळ आहे हेही आधी तपासावे, कारण उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या माणसाला नेहमीची मांडणी सतत अडचणीची ठरते.

पहिली रायफल बोल्ट ॲक्शनचीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक काडतुसानंतर हाताने बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) ओढावा लागतो, त्यामुळे घाई आपोआप कमी होते. शिवाय मंद किंवा वेगवान, कोणतेही काडतूस तिच्यात चालते. पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीची यंत्रणा काडतुसाच्या जोरावर फिरत असल्याने मंद काडतुसांवर ती अडखळू शकते. ट्रिगरकडे विशेष लक्ष द्यावे. तो ओढताना खरखर जाणवू नये, आणि काचेची बारीक काडी मोडावी तसा तो एकदम सुटावा. ही चाचणी विक्रेत्याला विचारून आणि दारू किंवा स्फोटक मिश्रण नसलेले नकली (डमी) काडतूस घालूनच करावी, कारण काही रिमफायर रायफलींत रिकाम्या चेंबरवर पिन आपटली की चेंबरच्या काठाला खळगा पडतो. जुनी रायफल घेताना हा काठ आणि बॅरलचे तोंड टॉर्चच्या उजेडात न्याहाळावे. दुर्बीण बसवायची असल्यास तिचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) ५० मीटरच्या आसपास जुळवलेला असावा. बहुतेक मोठ्या दुर्बिणी १०० मीटरच्या हिशेबाने बनवतात.

आता काडतूस. .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. साध्या वेगाच्या काडतुसात ती सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी. अतिवेगवान काडतुसात हा वेग ३८० मीटरच्या घरात जातो, परंतु १०० मीटर गाठण्याआधीच गोळी ध्वनीच्या वेगाखाली घसरते आणि त्या टप्प्यात तिचा तोल बिघडू शकतो. एवढेच नव्हे, तर ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो, म्हणून आडव्या वाऱ्यात वेगवान गोळीच अधिक भरकटते. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याने साध्या वेगाचे, साध्या शिशाच्या गोळीचे काडतूस घ्यावे.

पण कोणत्या कंपनीचे? याचे उत्तर फक्त आपली बॅरल देते. पाच-सहा प्रकारांची एकेक खोकी आणावीत, वारा पडलेला असताना रायफल टेकूवर ठेवून ५० मीटरवर प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) झाडावेत. प्रकार बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत, कारण गोळीवरचे मेण बॅरलमध्ये राहते आणि नवे मेण बसेपर्यंत गोळ्या विखुरतात. तीन गोळ्यांच्या सुबक ग्रुपवर भुलू नये. दहा गोळ्यांच्या दोन ग्रुपपैकी जो वाईट तो पाहून निर्णय घ्यावा. महागडे स्पर्धेचे काडतूस मधल्या किमतीच्या काडतुसापुढे हरल्याचे दिसले, तर त्यात नवल नाही. जे जमले त्याचा खोक्यावरचा लॉट (एकाच वेळी बनवलेल्या काडतुसांची खेप) क्रमांक टिपून त्याच लॉटची जमतील तेवढी खोकी घ्यावीत, कारण पुढचा लॉट वेगळा वागू शकतो.

लहान म्हणून या गोळीला हलके लेखू नये; ती दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून उसळते, म्हणून मागे मातीचा भक्कम बांध हवाच. काडतूस उडाले नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. आवाज विचित्र मंद आला तर पुढचे काडतूस न भरता, रायफल रिकामी करून, बॅरलमध्ये गोळी अडकली नाही ना हे पाहावे. परवान्याचे स्थानिक नियम खरेदीआधीच समजून घ्यावेत, रायफल कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत, आणि सराव संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे बोटांना लागलेले असते.