वॉलवर पट्टा सरकतो, चित्र उडी मारतं? सिंकच्या या चुका टाळा

जत्रेतलं नाटक असो, रवींद्र भवनातला सोहळा असो किंवा पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचा मंच, हल्ली मागे एलईडी वॉल आणि समोर तीन-चार कॅमेरे असतातच. वॉलवर काळा पट्टा सरकायला लागला की संशय थेट सिंक जनरेटरवर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांना आणि वॉलला एकाच ठेक्यावर ठेवणारा संकेत (सिंक) देणाऱ्या यंत्रावर जातो. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्यातला ठेका धरणारा क्रिस्टल बिघडायच्या कितीतरी आधी केबल, टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचा ७५ ओहमचा रोध) नाहीतर मेनूतला एखादा आकडा दगा देतो.

आधी पट्टा कुठे दिसतो ते बघा

पट्टा फक्त वॉलवर आहे, की नटाच्या पांढऱ्या सदऱ्यावरचा उजेडही थरथरतो? सदऱ्यावर दिसत असेल तर सिंकला हात लावू नका. ५० हर्ट्झ विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० शटरमध्ये त्याच्या बरोबर दोन लहरी बसतात, म्हणून काही जाणवत नाही. पण डिझेल जनरेटर कमी भारावर ५१.५ हर्ट्झने धावू लागला की तेच दिवे १०३ वेळा लुकलुकतात आणि कॅमेऱ्यात सेकंदाला तीनदा हलकी थरथर येते. अशा वेळी जनरेटरवाल्याला गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) ५० वर आणायला सांगा. कॅमेरामनने शटर १/६० वर ठेवलं असेल तर तेही १/५० करून घ्या.

५० आणि ६० ची खिचडी

चित्र पुरवणारा लॅपटॉप बहुधा मुळातच ६० हर्ट्झवर असतो. तो वॉलच्या प्रोसेसरला (आलेलं चित्र वॉलवर मांडणाऱ्या यंत्राला) जोडला की वॉलही ६० वर जाते, आणि कॅमेरे मात्र ५० वर. पट्टे भराभर धावायला लागतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० निवडा आणि प्रोसेसरच्या पडद्यावर इनपुट व आउटपुट दोन्ही ५०.०० दिसतात का ते वाचा. ५९.९४ आणि ६० हे एकच समजणारेही भेटतात. या दोन आकड्यांतला फरक साधारण दर १७ सेकंदांनी एक फ्रेम खातो. नाचाच्या कार्यक्रमात तो झटका लगेच कळतो.

दोन्हीकडे ५० असूनही पट्टा गोगलगायीसारखा वर चढतो, तेव्हा कॅमेरा आणि वॉल आपापल्या क्रिस्टलवर चाललेले असतात. एक २५ पीपीएम (दहा लाखांत २५) पुढे आणि दुसरा २५ पीपीएम मागे असेल, तर २० मिलिसेकंदांचं चक्र ४०० सेकंदांत, म्हणजे सहा मिनिटं ४० सेकंदांत पूर्ण फिरतं. यावर जेनलॉकशिवाय, म्हणजे सगळ्यांना एकाच बाहेरच्या सिंकला बांधल्याशिवाय, खरा उपाय नाही. सिंक जनरेटरचा संकेत सगळ्या कॅमेऱ्यांना, स्विचरला (कॅमेरे आलटून-पालटून निवडणाऱ्या यंत्राला) आणि प्रोसेसरला द्या. मग प्रोसेसरमध्ये सिंकचा स्रोत ‘इंटर्नल’ वरून ‘जेनलॉक’ वर न्यायला विसरू नका, नुसती केबल खोचून काही होत नाही. आता पट्टा एका जागी थांबेल. तो पडद्याबाहेर ढकलायला फेज ऑफसेट (वॉलची वेळ सिंकच्या मागे-पुढे सरकवणारा आकडा) फिरवा.

टर्मिनेटर: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

ब्लॅक बर्स्टमधला, म्हणजे सिंक जनरेटर देतो त्या काळ्या चित्राच्या संकेतातला, सिंक ३०० मिलिव्होल्टचा असतो, पण तो ७५ ओहमच्या एकाच भारावर. टर्मिनेटर नसेल तर तो जवळजवळ ६०० होतो आणि परत फिरलेला संकेत कडा खराब करतो. दोन टर्मिनेटर लागले तर २०० वर येतो. आणि मंडपात हमखास दिसणारा प्रकार, म्हणजे एका आउटपुटला टी (तीन तोंडांचा जोड) लावून चार कॅमेऱ्यांकडे चार स्वतंत्र केबल्स, प्रत्येकाच्या टोकाला ७५ ओहम: सिंक १२० मिलिव्होल्टवर येतो. दोन कॅमेरे कसेबसे लॉक होतात, तिसरा मध्येच सुटतो, आणि ‘कॅमेरा खराब’ म्हणून तो बदलला जातो. चार दिशांना संकेत हवा असेल तर डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर (एका संकेताचे अनेक स्वतंत्र आउटपुट देणारं यंत्र) घ्या. एका रांगेत द्यायचा असेल तर लूप-थ्रू करा (एका यंत्राकडून केबल पुढच्याकडे न्या), टी यंत्राच्या पाठीलाच लावा आणि टर्मिनेटर फक्त शेवटच्या यंत्रावर ठेवा.

स्कोप (संकेताची लहर दाखवणारं यंत्र) नसला तरी हे तपासता येतं. सिंक जनरेटरकडचं टोक सोडा, यंत्रं बंद ठेवा आणि त्या टोकाच्या पिन व बाहेरच्या कड्यात मल्टीमीटर लावा. ७५ आणि वर केबलचे थोडे ओहम आले तर ठीक. ३७ च्या आसपास म्हणजे दोन टर्मिनेटर, २५ म्हणजे तीन. काहीच आकडा आला नाही तर टर्मिनेटर नाही किंवा तार तुटली आहे. काही यंत्रांत ७५ ओहम आतच असतो आणि मेनूतून चालू-बंद होतो, दुसरा चोरटा टर्मिनेटर बहुतेक तिथेच सापडतो.

केबल आणि अर्थिंग

आरजी-५८ केबल दिसायला ७५ ओहमच्या केबलसारखीच, पण ५० ओहमची. आवरणावरची छपाई वाचा. केबल टीव्हीची उरलेली आरजी-६ ही ७५ ओहमची खरी, पण तिच्यात बहुधा पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. सिंकच्या कमी फ्रिक्वेन्सीला ती लांब अंतरावर खाते. पूर्ण तांब्याची घ्या. समुद्राकाठच्या कामानंतर बीएनसीची (केबलच्या टोकाच्या कनेक्टरची) पिन हिरवट दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. क्रिंप (दाबून बसवलेला जोड) सैल असेल तर कापून नवा कनेक्टर लावा.

कॅमेरे एका डिझेल जनरेटरवर आणि वॉल दुसऱ्यावर असेल, तर केबलच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि सिंकचा तळ वर-खाली होतो. सगळ्याला एकाच ठिकाणाहून वीज द्या, नाहीतर व्हिडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थची पिन मोडून गुणगुण घालवणं जिवाशी खेळ आहे.

घरी सिंक बनवताना

जुन्या सीआरटी मॉनिटरसाठी १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोवर (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर) पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा, सिंक छान बनतो: एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे बोर्डाच्या घड्याळाची नेमकी १०२४ चक्रं. टायमर १ चा वरचा आकडा १०२३ ठेवा आणि ४.७ मायक्रोसेकंदांच्या पल्ससाठी ७५ चक्रं द्या. पल्स टायमरच्या हार्डवेअर पिनवरूनच काढा. प्रोग्रॅममधून पिन वर-खाली केली तर इंटरप्टची (चालू काम थांबवून करायच्या तातडीच्या कामाची) वेळ काही चक्रांनी हलते. ५० सेंटिमीटर रुंद पडद्यावर एक चक्र म्हणजे ०.६ मिलिमीटर, चार चक्रं हलली की उभी रेघ दातेरी दिसते. टायमर ० चा इंटरप्ट बंद ठेवा.

चित्र पुन्हा वरून सुरू करणाऱ्या उभ्या सिंकच्या वेळी अडीच ओळी पिन सलग खाली धरून ठेवणं ही नेहमीची चूक. मॉनिटरचा आडवा ऑसिलेटर तेवढ्यात भरकटतो आणि चित्राचा वरचा भाग वाकतो. दर ३२ मायक्रोसेकंदांना २७.३ च्या पाच रुंद पल्स द्या, त्यांच्या आधी आणि नंतर २.३५ च्या पाच-पाच. सिंकच्या पिनला १ किलोओहम, चित्राच्या पिनला ४७० ओहम जोडा. ७५ ओहमच्या भारावर काळा ०.३ आणि पांढरा ०.९५ व्होल्टवर येतो. मॉनिटरच्या मागचा ७५ ओहमचा खटका बंद राहिला तर काळाच १.६ व्होल्टवर चढतो. यात रंगाचा बर्स्ट (रंगाचा संदर्भ देणारी छोटी लहर) नसतो, त्यामुळे हा संकेत स्टुडिओ कॅमेऱ्याला ब्लॅक बर्स्ट म्हणून देऊ नका.