कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढताना

पावसाळ्यात कुत्रा फिरून आला की आधी कान उलटून बघा. मग पायाच्या बोटांच्या बेचक्या, काखा, पट्ट्याखालची मान. रक्त पिऊन फुगलेली गोचीड हाताला वाटाण्यासारखी लागते, उपाशी असेल तर तिळाएवढीच. काळ्या कुत्र्यावर ट्यूबच्या उजेडात काही दिसत नाही, बोटांनीच चाचपा.

बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाजवळ धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. हिसका दिला तर तोंड आतच तुटतं. पोट दाबू नका. रॉकेल, उदबत्तीचा चटका यांच्या नादी लागू नका. निघालेली गोचीड नखाने न चिरडता स्पिरिटच्या बाटलीत टाका.

खरी अडचण घरात असते. फुगलेली मादी उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. मानेवर टाकायचं औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणेच घ्या. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन (गोचीड मारणारं एक रसायन) असलेलं औषध आणूच नका, तिला ते विषच.

गोचीड चावल्यावर कुत्र्याचं खाणं सुटलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडून रक्त तपासून घ्या.