शवपेटीची ट्रॉली, लिफ्ट, पट्टे: या चुका टाळा

पहिली चूक पेटीला हात लावायच्या आधीच होते, ती म्हणजे वजन अंदाजाने धरणं. माणूस 80 किलोचा होता ना, मग 80, झालं! अहो पण ओकसारख्या भरीव लाकडाची पेटीच 70-80 किलोपर्यंत जाते, आत जस्ताचं अस्तर असेल तर अजून जास्त, म्हणजे ट्रॉलीवर दीडशेच्या वर आलं की. आणि ट्रॉलीवर जो आकडा छापलेला असतो तो सपाट जमिनीवर, वजन नीट वाटलेलं असताना, हे कोणी वाचतच नाही.

डोकं-खांद्याची बाजू जड असते. त्यामुळे पेटी मापाने बरोब्बर मध्यावर ठेवली तरी ट्रॉली त्या बाजूला झुकते, तेव्हा ती बाजू थोडी आत घ्या.

हँडलवर भरवसा ठेवू नका. स्वस्त पेट्यांना चकाकणारी जी हँडल असतात ती बऱ्याचदा नुसती शोभेची, प्लास्टिकची असतात, ओढलं की स्क्रूसकट हातात. तळाखाली हात घाला.

घडीची ट्रॉली पूर्ण उघडून लॉक बसला का ते हलवून बघायचं, आणि छोटी चाकं खडीवर नेऊच नका, तिथे मोठी हवेची चाकंच लागतात.

आता हायड्रॉलिक लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबावर पेटी वर उचलणारी, डोकं खाते ती हीच. पंप मारतोय पण वर येत नाही, किंवा वर येते आणि हळूहळू खाली बसते. लगेच सील बदलायला धावू नका, आधी रिलीज व्हॉल्व्ह, म्हणजे लिफ्ट खाली सोडायची झडप, पूर्ण बंद आहे का बघा, निम्म्या वेळा तेच निघतं. मग लिफ्ट पूर्ण खाली घेऊन तेल बघा, वर असताना बघितलं तर कमीच दिसणार आणि तुम्ही उगाच जास्त ओतणार. तेल ठीक असेल तर हवा अडकली असेल, वजन न ठेवता व्हॉल्व्ह उघडा ठेवून आठ-दहा वेळा पंप मारा, मग बंद करून बघा. तरीही बसतेय तर व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा सील गेलेलं, तिथे मेकॅनिकच. आणि तेल संपलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग असतात, त्याने सील फुगून वाटोळं होतं. खाली हात घालायचा तर आधी टेकू.

कबरीच्या खड्ड्यावर जी फ्रेम ठेवून पट्ट्यांवरून पेटी खाली सोडतात, तिच्यात गडबड होते ती पट्ट्यांची. दोन्ही पट्टे रोलरवर सारखे गुंडाळलेले नसले की एक टोक आधी खाली जातं, तेही सगळ्यांसमोर. फ्रेमखाली फळ्या टाका, नाहीतर ओली कड ढासळते. पेटी ठेवल्यावर चार बोटं खाली सोडून ब्रेक धरतोय का बघा, मग पुढे. पट्टा कमी पडला म्हणून गाठ मारायची नाही, गाठीपाशीच तो कमजोर होतो. ओले पट्टे सावलीत वाळवा, उन्हाने धागा कुजतो, आणि कडेला एक जरी चीर दिसली तर तो पट्टा कापूनच टाका, कारण बाजूला ठेवला तर पुढच्या वेळी घाईत कोणीतरी तोच उचलणार.