सावंतवाडीचं लाकडी खेळणं पडलं, तुटलं किंवा भिजलं तर

फेविक्विक आधी ड्रॉवरमध्ये परत ठेवा. सावंतवाडीचं जुनं खेळणं पडून तुटलं तर ते बहुतेक वेळा नीट जुळतं. घाईत वाकडं चिकटवलेलं मात्र पुन्हा सुटं करून सरळ करणं फार जिकिरीचं असतं. या खेळण्यांचं पांगाऱ्यासारखं हलकं, सच्छिद्र लाकूड हा पातळ गोंद क्षणात पिऊन टाकतं. तुकडा जागेवर बसायच्या आत गोंद धरतो, आजूबाजूच्या रंगावर पांढुरका थर चढतो. तो काढायचा म्हटलं तर ॲसिटोन, म्हणजे साधं नेलपॉलिश रिमूव्हर लागतं, आणि ते लाखही खातं, रंगही. एम-सीलची अडचण वेगळी. तो या लाकडापेक्षा कितीतरी कडक होतो, त्यामुळे पुढचा धक्का बसला की खेळणं त्याच्या शेजारी नव्याने तुटतं.

पहिल्या दिवशी एवढंच करा. जिथे पडलं तिथे केर काढू नका, व्हॅक्युम तर नकोच. मऊ कोरड्या ब्रशने सगळं एका पांढऱ्या कागदावर ओढून घ्या. लाकडाचे तुकडे एका पिशवीत ठेवा. रंगाच्या खपल्या वेगळ्या घ्या आणि रंगाची बाजू वर करून कागदाच्या दोन घड्यांमध्ये सपाट ठेवा. तुटलेली जागा बोटाने चाचपू नका. हाताचं तेल लागलं की गोंद नीट धरत नाही, आणि लाकडाचे उभे राहिलेले बारीक तंतू दबले की सांधा मिटत नाही. खिडकीजवळच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढा. पुढे रंग जुळवताना हेच फोटो उपयोगी पडतात. खेळणं कधी विकायचं झालं तर दुरुस्ती झाली आहे हे सांगणं भागच आहे, तेव्हाही ते लागतील.

वर काय आहे ते आधी ओळखा

सगळी दुरुस्ती यावर ठरते आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. सावंतवाडीच्या कामात साधारण दोन जाती भेटतात. एक लाखकाम. खरादावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. हे फक्त गोल कातलेल्या वस्तूंवर शक्य आहे: भातुकलीतलं लाटणं, रवी, डबे, भोवरे, पाळण्याचे खांब. रंगाचे पट्टे अचूक गोल असतात, ब्रशचा मागमूस नसतो. दुसरी जात ब्रशने रंगवलेल्या कामाची. फळं, पक्षी, बैलगाडी, ठकी, राजा-राणी यांवर आधी पांढरं अस्तर, त्यावर रंग, वर बहुधा वार्निश. केळ्यावरचे तपकिरी ठिपके किंवा आंब्याच्या देठाजवळची लाली भिंगातून पाहिली की ब्रशच्या रेघा दिसतात.

शंका राहिली तर तळाला, न दिसणाऱ्या जागी तपासा. इअरबड पाण्यात बुडवून टिश्यूवर टिपून घ्या आणि दोन सेकंद टेकवा. रंग आला तर तो पाण्यात विरघळणारा आहे, अशा खेळण्याला पुढे ओला हात लावायचाच नाही. नाही आला तर दुसऱ्या बडने स्पिरिट तसंच टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला, बडवर रंग उतरला, तर लाख आहे किंवा वर चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश आहे. अलीकडचे ॲक्रिलिक रंगही स्पिरिटने मऊ पडतात, म्हणून ही परीक्षा पट्टे आणि ब्रशच्या खुणा यांच्याशी ताडून पाहा. जुना वाळलेला ऑइलपेंट स्पिरिटला सहसा दाद देत नाही.

एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगात शिसं असू शकतं. अशा खेळण्यावर कोरडा पॉलिशपेपर चालवायचा नाही, खपल्या लहान मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, काम संपलं की टेबल ओल्या फडक्याने पुसायचं.

चिकटवणं

गोंद सुतार वापरतात तोच पांढरा, फेविकॉल एसएच. तो सावकाश धरतो, ओला असताना पाण्याने पुसता येतो आणि वाळला तरी लाकडाइतपतच कडक राहतो.

आधी गोंदाशिवाय तुकडा बसवून पाहा. तो एकाच कोनात टक्कन बसतो. नाही बसला तर मध्ये कुठेतरी तंतू वळला आहे, तो टाचणीच्या टोकाने सरळ करा. कानशीने घासून जागा करू नका, एकदा घासलं की तो सांधा कायमचा दिसतो. बांधणार कसं हेही आताच ठरवा, कारण गोंद लावल्यावर रबर शोधत बसलात की तुकडा सरकतो. सर्वांत चांगलं बांधण म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची एक सेंटिमीटर रुंद पट्टी. ती ताणून गुंडाळली की सगळीकडून सारखा दाब येतो. रबराचा काळा डाग रंगावर पडतो आणि बाहेर आलेला गोंद कशालाही चिकटतो, म्हणून खाली बटरपेपर हवाच. सेलोटेप जुन्या रंगावर अजिबात नको, काढताना रंग घेऊन येते.

टूथपिकने एकाच बाजूला पातळ थर द्या, कडेपासून एक मिलिमीटर आत. जुळवा, दाबा, बाहेर आलेला थेंब जेमतेम ओल्या बडने लगेच टिपा (रंग पाण्यात सुटणारा असेल तर कोरड्याच बडने), मग बांधा. दोन तास हात लावू नका आणि चोवीस तास भार टाकू नका. पावसाळ्यात दोन दिवस द्या, दमट हवेत हा गोंद रेंगाळतो.

बैलाचं शिंग, पक्ष्याची चोच, फळाचा देठ असे बारीक अवयव नुसत्या गोंदावर टिकत नाहीत, कारण तिथे लाकूड रेषांना आडवं तुटलेलं असतं आणि टोकाकडच्या रेषा गोंद शोषून सांधा कोरडा ठेवतात. तिथे खुंटी घाला. बांबूची टूथपिक साधारण दोन मिलिमीटर जाड असते. तेवढ्याच मापाचं ड्रिल बिट बोटांत धरून फिरवा, मशीन नको. पांगारा इतका मऊ असतो की हातानेच भोक पडतं. दोन्ही बाजूंना सहा-सात मिलिमीटर खोल पुरे. दोन भोकं समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या भोकात टाचणी उलटी खोचा, टोक किंचित बाहेर ठेवा आणि दुसरा तुकडा त्यावर हलकेच दाबा. टोकाची खूण उमटेल तिथे दुसरं भोक. अवयव चार मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर खुंटीचा नाद सोडा. तुटलेल्या जागेवर आधी पातळ गोंदाचा हात द्या, अर्ध्या तासाने पुन्हा गोंद लावून जुळवा. पहिला हात रेषांची तहान भागवतो.

लाकडाच्या रेषेत उभी गेलेली चीर असेल तर सिरिंज घ्या. दहा थेंब फेविकॉलला दोन थेंब पाणी, जाड सुई, आणि चीर किंचित उघडून आत सोडा. पण ही चीर खरंच आपटल्याने पडली का ते आधी पाहा. कोकणातून आणलेली वस्तू पुण्या-नागपुरातल्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या घरात सुकून आपोआपही तडकते. अशी भेग भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, भेग स्वतःच मिटायला बघते आणि आत भरलेली लांबी (पुट्टी) तिला उलट फाकवते. वर्षभर कमी-जास्त होऊ द्यावी, तेच बरं.

टवका आणि रंग

नखाएवढा टवका उडाला असेल आणि मूळ खपली हाती असेल तर काम सोपं आहे. पातळ फेविकॉलचा एक ठिपका लावा, ओल्या ब्रशच्या टोकाने खपली उचलून बसवा, वर बटरपेपर ठेवून बोटाने मिनिटभर दाबा. खपली हरवली असेल तरच पुढचं.

चॉक पावडर चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. एक चमचा पावडरीला अर्धा चमचा फेविकॉल आणि तितकंच पाणी. श्रीखंडाइतकं घट्ट हवं. पातळ झालं तर थोडी पावडर वाढवा. खड्डा तीन मिलिमीटरहून खोल असेल तर तळाला आधी बारीक लाकडी भुसा आणि फेविकॉल भरा, वर एक मिलिमीटर जागा सोडून. चॉकचा थर एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जाड घेतला की तो वाळताना आकसतो आणि मधोमध तडकतो, म्हणून दोन-तीन थर द्या, प्रत्येकात चार-पाच तास. समतल करायला पॉलिशपेपर लागत नाही. थर अर्धवट वाळला की ओल्या सुती कापडाचं टोक बोटाला गुंडाळून फिरवा, आजूबाजूच्या जुन्या रंगाला ओरखडा येत नाही.

रंग भरताना नियम एकच: फक्त भरलेल्या जागेवर रंग, जुन्या रंगावर एक केसभरही नाही. शून्य नंबरचा ब्रश, दिवसाचा उजेड. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून मिश्रण एक छटा फिकं ठेवा आणि कागदावर वाळवून ताडा. पट्टा ओढण्यापेक्षा ठिपक्या-ठिपक्यांनी भरलं तर नजरेला सांधा सापडत नाही. वस्तू खरोखर जुनी असेल तर ॲक्रिलिकऐवजी पोस्टर कलर वापरा. तो पुढे कधीही ओल्या बडने काढता येतो, म्हणजे आपलं काम नंतरच्या माणसाला डोईजड होत नाही. चमक हवी तर वर मेणाचा हलका हात पुरतो. सगळ्या खेळण्यावर नवं वार्निश मारायचा मोह मात्र टाळा. ते पिवळं पडतं आणि पन्नास वर्षांचं सीताफळ कालच आणल्यासारखं दिसायला लागतं.

लाखेचा टवका घरी भरून येत नाही. उघडं पडलेलं लाकूड त्याच रंगाने टिपून घ्या आणि सोडून द्या. लाख वितळवायला मेणबत्ती किंवा हेअर ड्रायर लावलात तर शेजारचा पट्टाही वाहतो. पोचा पडला असेल तर तोही तसाच राहू द्या. ओलं फडकं आणि इस्त्रीचा सुतारांचा उपाय कोऱ्या लाकडासाठी आहे, रंगवलेल्यावर फोड येतात.

भिजलं, सांडलं

भिजलेलं खेळणं उन्हात ठेवायचं नाही. बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतलं लाकूड फुगलेलंच असतं आणि रंगाखाली तडे जातात. सुती फडक्याने टिपा, घासू नका. छपाईचा वर्तमानपत्री कागद नको, शाई उतरते. जाळीवर सावलीत ठेवा, दर काही तासांनी बाजू बदला. खोलीत पंखा चालेल, थेट झोत नको. सुकलं की नाही हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळतं: रोज वजन करा, सलग तीन दिवस एका ग्रॅमचाही फरक नसेल तर सुकलं. त्याआधी गोंद किंवा रंग लावला तर तो सुटणारच. लाखेवर आलेलं पांढुरकं सावट ओलीचं असतं आणि सुकताना बऱ्याचदा आपोआप जातं, त्याच्या मागे लागू नका.

सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं असेल तर हात आवरा. अल्कोहोलने लाख त्या क्षणी मऊ झालेली असते. पुसलं की रंग फासला जातो, नुसतं उडून जाऊ दिलं तर फक्त मंद डाग राहतो.

चेहरा गेला असेल, लाखेचा मोठा भाग उडाला असेल किंवा तुटलेल्या जागेत पीठ दिसत असेल (म्हणजे लाकूड आतून किडीने पोखरलं आहे), तर ते सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिराचं काम आहे. तिथे एक वाक्य आधीच स्पष्ट सांगा: "तुटलं आहे तेवढंच करा, सगळं नव्याने रंगवू नका." नाहीतर सवयीने आणि चांगल्याच हेतूने ते नवंकोरं करून देतील आणि मूळ हात पुसला जाईल. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा. कुरियरने पाठवायचं असेल तर सुटे तुकडे वेगळ्या डबीत, खेळणं मऊ सुती कापडात, त्यावर बबल रॅप, आणि तो खोका चारी बाजूंना पाच सेंटिमीटर जागा राहील अशा दुसऱ्या खोक्यात ठेवा. बबल रॅप थेट रंगाला लावू नका, उकाड्यात त्याच्या बुडबुड्यांचे गोल ठसे लाखेवर उमटतात.